कोंबड्यांचा गादीवाला

गादीवाला माणसं ओळखायचा ती पाठीवरून. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना जरा वाकलं की ह्याने ताडलंच, याला कडक गादी लागणार, हा कुशीवर झोपतो आणि याची बायको याला रात्री ढकलत असते. चेहरे मात्र लक्षात राहायचे नाहीत. बायको चिडवायची, "ह्यांना माझ्या वडिलांचा चेहरा आठवत नाही, पण त्यांच्या मणक्याची तक्रार आठवते."

दुकान कसलं, दोन भिंतींमधली लांबट बोळ होती ती. पुढे तो कापूस पिंजायचा, मागे बायको खोळी शिवायची. गादी भरून झाली की दोघं तिच्या दोन बाजूंना मांडी घालून बसायची आणि लांब सुईने टाके घालायची. त्याने सुई आत खुपसायची, तिने पलीकडून ओढून परत पाठवायची. आमच्या संसारात फारशी भांडणं झाली नाहीत ती या सुईमुळे, असं तो सांगायचा. वीतभर सुई हातात घेऊन समोर बसलेल्या बाईशी भांडायची कुणाची छाती आहे?

मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या आल्या. दार उघडायचं, गुंडाळी सोडायची, की गादी आपोआप फुगते. गादीवाल्याने वर्षभर तग धरला, मग शटर ओढलं. दुःख त्याला झालं, बायकोला फारसं नाही. तिने एक दिवस परसदारी उभं राहून सांगितलं, "शेजारची वहिनी मुलाकडे राहायला चाललीये. तिच्या पाच कोंबड्या आहेत. मी हो म्हणून आलेय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही आठवडाभर विचार केला असता. तोवर त्या दुसरीकडे गेल्या असत्या."

कापसाच्या धंद्यात घरात कधी मांजरसुद्धा ठेवता आलं नव्हतं. दुकानात केस, पीस काही चालायचं नाही. उभ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. गादीवाल्याने दुकानातली लाकडी फळकुटं काढली, मागच्या भिंतीला टेकवून माणूस वाकून आत शिरेल एवढं खुराडं ठोकलं, वर पत्रा टाकला, बसायला दांडी लावली. बायकोने नावं ठेवली. सगळ्यांना टोचून शिस्त लावणारी ती हेडबाई. भांड्यात, पिशवीत, जिथे तिथे नाक खुपसणारी चोंबडी. दिवसभर पिसं साफ करत बसणारी नवरी. एक पाय किंचित ओढणारी लंगडी. पाचवी रोज सकाळी कुंपणालगत ठरलेल्या वाटेने टोकापर्यंत जायची आणि तशीच परत यायची, म्हणून ती कोंबडी असूनही पोस्टमन.

राहिला प्रश्न अंथरुणाचा. गादीवाला म्हणाला, "ते माझ्याकडे लागलं. अंथरूण म्हणजे माझं खातं."

आणि त्याने दुकानातला उरलेला कापूस मस्त पिंजून खुराड्यात हातभर पसरला.

ढगावर बसल्यासारख्या कोंबड्या पहिल्या दिवशी ऐटीत फिरल्या. तिसऱ्या दिवशी कापूस ओला होऊन त्याचे लगदे झाले, तंतू नखांना गुंडाळले, आणि चोंबडीने नावाला जागून बराचसा कापूस गिळला. तिच्या गळ्याखालची पिशवी चेंडूसारखी टम्म फुगली. बायकोने तिला मांडीवर घेतलं, चोचीत थेंब थेंब तेल सोडलं आणि दिवसभर ती पिशवी बोटांनी हळूहळू चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी कुठे गाठ सुटली. चोंबडी मांडीवरून उतरून लगेच दाण्याच्या डब्यात शिरली.

"तुम्ही झोपायला मऊ शोधताय," बायको म्हणाली. "ह्या बायांना झोपायला दांडी आहे. खाली त्या दिवसभर उकरतात आणि घाण करतात. तेवढंच बघायचं."

हे त्याला पटलं, आणि मग त्या विचाराने त्याला पछाडलंच. सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणला. तो पाणी छान शोषायचा, पण कोंबड्यांनी पंख फडफडवले की खुराड्यात धुकं. पेंढा आणला. वरून सोनेरी, खाली आठ दिवसांत बुरशी. भाताचं तूस आणलं. ते हलकं, कोरडं, उकरायला सोपं, पण ओल धरून ठेवत नव्हतं, सगळी खाली जमिनीवर साचायची. शेवटी त्याचा पक्का बेत ठरला. खाली तुसाचा थर, वर रंध्यातून निघालेले लाकडाचे कुरळे काप. दर आठ दिवसांनी ओलं तेवढं काढायचं, वर नवे काप घालायचे. मूठभर उचलून दाबायचं. लाडवासारखा गोळा झाला तर ओल जास्त, मुठीतून पूड उडाली तर फार कोरडं, आणि दाबल्यावर जरा धरून मग सुटलं तर बरोबर. नाकाला झोंबणारा वास आला तर आपलं चुकलं.

गल्लीत त्याला कोंबड्यांचा गादीवाला म्हणू लागले. त्याला राग येत नव्हता. उलट कुणी अंडी घ्यायला आलं की तो त्यांना आधी खुराड्याशी नेऊन वाकायला लावायचा. "येतोय वास? घ्या, जवळून घ्या." लोक अंड्यांसाठी वास घ्यायचे.

रोज सकाळी अंथरूण खालीवर करायचं काम बायकोचं. छोटा दातेरी पंजा घेऊन ती आत शिरायची आणि कोंबड्या बाहेर पळू नयेत म्हणून दार ओढून घ्यायची. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. "सरक गं हेडबाई, तुझी बदली झाली." ती बाहेर यायची तेव्हा पदरावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक पांढुरकी पूड असायची. गादीवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीस वर्षं त्याने तिला कापसाने पांढरी झालेलीच पाहिली होती.

खोकला आला तेव्हा हवा बदलली म्हणून आला, असं दोघांनी धरलं. मग परसातल्या दोन पायऱ्या चढून आली की ती चौकटीला हात टेकून उभी राहू लागली. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, विचार करत होते." दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीने तिला महिनाभर आपल्याकडे नेलं. तिथे खोकला गेला, जेवण वाढलं, ती नातीला घेऊन जिने चढली. लेक म्हणाली, "बघा बाबा, माझ्या हातचं खाऊन बरी झाली." परत आली आणि चार दिवसांत पुन्हा चौकट धरून उभी. यात काही सांगावा आहे हे तिघांतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं, मग पेन खाली ठेवून विचारलं, "काका, तुमचा धंदा काय?"

गादीवाल्याने सांगितलं. बाईंनी मान हलवली. "आणि घरात पक्षी? पोपट, कबुतरं?"

बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली.

"पाच कोंबड्या आहेत," गादीवाला म्हणाला. "पण त्यांचं सगळं एकदम स्वच्छ. अंथरूण मी स्वतः बघतो. तुम्ही येऊन वास घ्या."

"वासाचा प्रश्न नाही, काका. त्यांच्या पिसांची बारीक पूड असते, विष्ठा वाळून तिची धूळ होते. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. काकूंच्या फुफ्फुसांना होतोय. रोज होतोय. आणि आत वण पडायला लागलेत." त्यांनी फोटोवर खालच्या बाजूला बोट फिरवलं. तिथे गादीवाल्याला पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी दिसलं.

"ते कापसामुळे नसेल कशावरून? तीस वर्षं ती माझ्याबरोबर होती."

"थोडं तेही असेल. आता वेगळं काढून सांगता येणार नाही. पण कापूस बंद झालाय. कोंबड्या चालू आहेत. त्या द्याव्या लागतील."

घरी येऊन चप्पल काढता काढता बायको म्हणाली, "त्या जाणार असतील तर माझंही बोचकं बांधा."

तिला समजवायचं सोडून गादीवाल्याने भलताच मार्ग धरला. त्याला वाटलं, धूळच ना? धूळ कशात असते, कशात नसते, हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला? त्याने सगळं अंथरूण उपसलं. जाडी वाळू आणली, चाळली, पाणी निवळ येईपर्यंत धुतली, उन्हात वाळवून पसरली. खुराड्याला वरच्या अंगाला जाळीची खिडकी पाडली. बायकोला आत जायची बंदी केली. सगळी साफसफाई तो तोंडाला फडकं बांधून करू लागला. सकाळी वाळूवरची घाण जाळीच्या झाऱ्याने वेचायची, हलकं पाणी शिंपडायचं, फळ्या ओल्या कापडाने पुसायच्या. लेक फोनवर ओरडायची, "बाबा, डॉक्टरांनी द्या म्हणून सांगितलंय, तुम्ही वाळू काय धूत बसलाय?" तो म्हणायचा, "जरा दम धर. फरक पडतोय."

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर हसून म्हणाली, "रोग म्हशीला आणि इलाज पखालीला."

त्याने वाळूचं पुढचं घमेलं धुवायला घेतलं.

एका सकाळी तो नुकतीच नवी धुतलेली वाळू पसरून खुराड्यात बसला होता. मूठभर उचलून त्याने फुंकर मारली. काही उडालं नाही, एक कणसुद्धा नाही. त्याला वाटलं, जमलं. तेवढ्यात हेडबाई दांडीवरून खाली उतरली आणि तिने नेहमीसारखं सगळं अंग फुलवून झाडलं. जाळीच्या खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात तिच्या अंगातून पिठासारखी पूड निघाली आणि खाली न बसता तशीच तरंगत राहिली. वाळू स्वच्छच होती. पूड कोंबडीतून येत होती. मग नवरीने अंग झाडलं. मग पोस्टमनने.

भरलेल्या गादीत खोट असेल तर उसवून नवं भरता येतं, हे गादीवाल्याला ठाऊक होतं. इथे उसवायला काही नव्हतं. त्याने बाहेर येऊन हातपाय धुतले आणि बायकोला काहीच सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कोंबड्या द्यायचं कबूल करायचं, आणि तिच्यापुढे ते तोंडातून निघत नव्हतं. तो रोज उद्यावर ढकलत राहिला आणि रोज वाळू धूत राहिला.

शेवटी त्याच्या हातून काही झालं नाही. जे झालं ते आपोआप झालं. तो आंघोळीला गेला असताना बायको अंडी काढायला परसात गेली. बंदी असली तरी ती अधूनमधून जायची, हे त्याला नंतर कळलं. तो बाहेर आला तेव्हा ती पायरीवर बसली होती, ओटीत तीन अंडी होती आणि ओठ निळसर पडले होते. ती काहीतरी सांगत होती, पण श्वास शब्दापर्यंत पोचत नव्हता. गादीवाल्याला काय करावं सुचेना. त्याने आधी तिच्या ओटीतली अंडी काढून कट्ट्यावर नीट ठेवली, एकेक करून, फुटणार नाहीत अशी. मग धावत शेजारी गेला. ती अंडी आधी का ठेवली, हे त्याला पुढेही कधी उमगलं नाही.

दवाखान्यात नाकाला नळी लावल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. लेक येऊन पोचली होती. बायकोने डोळे उघडले आणि म्हणाली, "देऊन टाका."

हे ऐकायला तो किती दिवस आसुसला होता. आता ऐकलं तर तो तिचं पांघरूण उगाच सारखं करू लागला.

"कोणाला?"

"वळणावर तो रोपवाटिकावाला आहे ना, त्याच्याकडे जागा मोकळी आहे. पण पाचही एकत्र. हेडबाईशिवाय बाकीच्यांना काही सुधरायचं नाही."

रोपवाटिकावाला भला माणूस होता. त्याने कुंड्यांच्या शेडमागे कोपरा करून दिला होता आणि खाली वाळलेला पालापाचोळा पसरला होता. गादीवाल्याने खोकी खाली ठेवली, उकिडवा बसला, मूठभर पाला उचलून दाबला. गोळा झाला.

"हे ओलं आहे."

"रोपांना पाणी मारताना उडालं असेल, काका. वाळेल. कोंबड्याच आहेत त्या."

गादीवाला उठला. लंगडी सगळ्यांच्या मागून खोक्याबाहेर आली आणि कुठे जावं ते न कळून त्याच्याच पायाशी उभी राहिली. तो वळून चालू लागला तर ती चार पावलं मागे आली. त्याने तिला उचलून परत आत सोडलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तो लाकडाच्या कापांचं पोतं खांद्यावर घेऊन पुन्हा तिथे हजर झाला. रोपवाटिकावाला हसला, म्हणाला, "घाला. तुमचा जीव शांत होऊ दे."

घरी त्याने खुराडं उकललं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पूड फळ्यांतसुद्धा महिनोन्‌महिने राहते. फळ्या दुसऱ्यांना दिल्या, वाळू रस्त्याच्या खड्ड्यात गेली, भिंत धुऊन रंगवली. बायको घरी यायच्या आत परस असं लख्ख झालं की जणू तिथे कधी काही नव्हतंच.

कोंबड्या गेल्या आणि खोकला राहिला.

"आता तर काहीच नाही हो घरात," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "एक पीस शोधून दाखवा."

"तुम्ही सगळं बरोबर केलंत, काका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "पण पडलेले वण जात नाहीत. जे गेलं ते गेलं. आता उरलेलं सांभाळायचं."

"मी आधीच दिल्या असत्या तर?"

त्यांनी फोटो पाकिटात सरकवला. "तसा विचार करू नका," म्हणाल्या. म्हणजे उत्तर काय ते त्याला कळलं.

घरात हवा देणारं यंत्र आलं. ते पलंगाशेजारी दिवसरात्र घुरघुरत असायचं. बायकोला आता आडवं झोपता येईना. पाठ टेकली की जीव घुसमटायचा. तिला बसूनच झोपावं लागे, आणि ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या पाठी निजवल्या त्याला तिच्या पाठीला धड उशी जमेना. उतरती भरली, ती घसरली. कडक भरली, ती रुतली. मधे खोलगट ठेवून कडा उंच केल्या, तर मान दुखली. तो उसवायचा, कापूस काढायचा, परत भरायचा, आता तोही दुसऱ्या खोलीत दार लावून, तोंडाला फडकं बांधून. ती ऐकायची आणि म्हणायची, "अहो, पुरे. किती वेळा तेच. मला निजवत नाही म्हणून बसते मी. उशीचा काय दोष?" मग श्वास जमवून म्हणायची, "माझंच खुराडं करायला घेतलंय तुम्ही." हसायला गेली की खोकला यायचा, म्हणून तिने हसणं कमी केलं होतं. जोक मात्र सोडले नव्हते. ते ती करायची आणि हसायचं काम त्याच्यावर टाकायची.

आठवड्यातून एकदा तो रोपवाटिकेत जाई. पंजाने अंथरूण खालीवर करी, ओलं काढी, नवे काप घाली. मग तिथल्याच नळाखाली डोक्यावरून आंघोळ करी, पिशवीतले धुतलेले कपडे घाली आणि मळके तिथेच भिजवून ठेवी. थंडीच्या दिवसांत रोपवाटिकावाला म्हणायचा, "काका, आजारी पडाल, कशाला येता? मी करतो." गादीवाला डोकं पुसत राहायचा. घरी बायकोला या बायांच्या खबरीशिवाय दुसरं काय नेऊन द्यायचं?

तो आला की यंत्राच्या आवाजातून नीट ऐकू यावं म्हणून ती मान पुढे करायची. मग एकेकीची चौकशी. हेडबाईने तिथल्या कुत्र्याला टोचलं का? चोंबडी आता कुठल्या कुंडीत शिरते? तो रंगवून सांगायचा. त्याला रंगवून सांगता येतं हे त्यालाही या वयात कळलं.

त्या आठवड्यात तो गेला तेव्हा रोपवाटिकावाला दारातच उभा होता. "काका, वाईट वाटून घेऊ नका. लंगडी गेली काल. काही झालं नव्हतं, सकाळी बघितलं तर कोपऱ्यात..." त्याने तिला पेरूच्या झाडाखाली पुरलं होतं. गादीवाल्याने आत जाऊन अंथरूण दाबून बघितलं. ते चांगलं होतं, दाबल्यावर धरून सुटत होतं. खोट कुठेच नव्हती. उरलेल्या चौघी दांडीखाली उकरत होत्या. त्याने काम केलं, आंघोळ केली आणि घरी येताना वाटभर वाक्य जुळवलं, "लंगडी मजेत आहे, उन्हात बसलेली असते."

बायको जागीच होती. तो स्टुलावर बसला.

"हेडबाई?"

"तिने आज रोपवाटिकावाल्याच्या पिशवीवर चढून भाषण केलं."

"चोंबडी?"

"खताच्या पोत्यात."

"नवरी?"

"पिसं काढतेय बसून. नवी फुटताहेत."

"पोस्टमन?"

"तिथेही तिने वाट पाडली कुंपणाशी. गवत उगवत नाही त्यावर."

तिने मान हलवली. तो पाचव्या नावाची वाट बघत राहिला. वाक्य तोंडात तयार होतं. ती त्याच्याकडे बघत होती, थेट, गादीच्या पलीकडून सुई परत पाठवताना बघायची तशी नाही, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "दमले मी," आणि डोळे मिटले.

त्याने तिच्या पाठीमागची उशी थोडी वर सरकवली. ती परत खाली आली. त्याने पुन्हा सरकवली आणि या वेळी हात तिथेच धरून बसला.